राजा आकाशातून पडत नाही

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात बैठक झाली. विषय स्मशानभूमीच्या रस्त्याचा. दोन तासांनी तरुण एकाच मुद्द्यावर आले : "बाकीच्यांना दादा आहे, तसा आपल्यालाही दमदार दादा पाहिजे. तो सांगेल ते करू." आम्ही गप्प बसलो. मागच्या निवडणुकीत अशाच एका दादाचे फ्लेक्स आम्हीच बांधले होते.

नगर जिल्ह्यात एकाच भावकीत काही घरे बौद्ध, काही ख्रिस्ती. आमची ख्रिस्ती मावशी म्हणाली, "हे तर शमुवेलाच्या पुस्तकात आहे."

तिने वाचून दाखवले. इस्राएलच्या कुळांना राजा नव्हता; संकटात शास्ते पुढे येत. मग पलिष्ट्यांचा धोका वाढला, शमुवेलाचे मुलगे लाच खाऊ लागले. वडीलधारे म्हणाले, इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे. शमुवेलाने बजावले : तो तुमची पोरे रथांपुढे पळवील, पोरींना स्वयंपाकाला जुंपील, चांगली शेते चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. शेवटी तुम्ही त्याचे दास व्हाल. लोकांनी ऐकले नाही. शौल राजा झाला.

म्हणजे न्याय विकला गेला, भय वाढले, म्हणून लोकांनीच राजा मागितला. आपल्याकडचा पुरावाही पाहा. संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावाचे नाव मिळालेल्या जोर्वे संस्कृतीची एक वसाहत पुणे जिल्ह्यात इनामगावला सापडली. तिथले पाच खोल्यांचे मोठे घर अभ्यासक प्रमुखाचे मानतात. शेजारीच धान्याचे कोठार! सत्ता आणि कोठार तीन हजार वर्षांपूर्वीही शेजारी होते.

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तातही चोरी-मारामारी वाढल्यावर लोक आपल्यातलाच एक निवडतात, त्याला भाताचा वाटा देतात. त्याचे नाव महासंमत. तो देवाचा अंश नाही, लोकांच्या संमतीचा माणूस आहे. आमचे म्हणणे एवढेच, की दिलेली संमती काढून घेता आली पाहिजे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावलेच होते.

पुढच्या बैठकीत आम्ही आधी फ्लेक्सची चूक कबूल केली. मग तिघांची समिती निवडली, त्यात दोन महिला. ग्रामसभेत अर्ज त्यांनी द्यायचा, दरमहा हिशेब सर्वांसमोर वाचायचा.

एका तरुणाने विचारले, "यांनी काम नाही केलं तर?"

मावशीच म्हणाली, "मग दुसरे तिघे निवडू."

जयभीम!