कॉलरमागचं ढाका

शुक्रवारी ऑफिसला घालता तो लाडका पोलो टी-शर्ट जरा उलटा करा आणि कॉलरमागचा टॅग वाचा. ‘मेड इन बांगलादेश’? मग चला ढाक्याला! लालबागचा किल्ला (हो, लालबाग तिथेही आहे), बुढीगंगेचा घाट वगैरे नंतर. आधी गाठायचं शहराबाहेरचं आशुलिया.

इथली बघण्याची वेळ म्हणजे सकाळची शिफ्ट सुरू होण्याआधीची. रस्ताभर सलवार-कमीजमधल्या मुली, गळ्यात आयकार्ड, हातात डबा आणि चाल अशी, की जणू विरार फास्टच पकडायचीय.

ही गर्दी कुठून आली? १९७९ मध्ये नुरुल कादेर यांच्या ‘देश गारमेंट्स’नं सुमारे १३० जणांना दक्षिण कोरियात ‘देवू’कडे शिवणकाम शिकायला पाठवलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे ‘देश’ सोडून स्वतःचे कारखाने काढले, नाहीतर दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आणि कामगार ४० लाखांच्या घरात. २००० मध्ये जवळपास निम्मा देश दारिद्र्यरेषेखाली होता. २०२२ मध्ये ते प्रमाण १८.७ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय शिलाई मशीनला देऊ नका, शेती आहे, आखातातून येणारा पैसाही आहे. पण कारखान्यांजवळच्या गावांत मुली जास्त शिकतात आणि त्यांची लग्नं उशिरा होतात, हे अभ्यासकांनी मोजलंय. माझ्या मते खरी बातमी हीच.

तिथून सावारला जा. बसस्टँडजवळची एक मोकळी जागा, शेजारी हातोडा-कोयता धरलेल्या दोन मुठींचं शिल्प. इथे राणा प्लाझा होती. २३ एप्रिल २०१३ ला इमारतीला भेगा दिसल्या. दुसऱ्या दिवशी खालची बँक बंद राहिली. वरच्या कारखान्यांतल्या मुलींना मात्र कामावर बोलावलं गेलं. पगार कापला जाईल, ही भीती होतीच. १,१३४ जीव गेले. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांनी ‘अकॉर्ड’ करार केला, शेकडो कारखान्यांची तपासणी झाली, आगीचे दरवाजे बसले. इमारती सुधारल्या, हे मान्य करायलाच हवं.

पगाराचं काय? डिसेंबर २०२३ पासून किमान वेतन महिना १२,५०० टका, म्हणजे आपले नऊ हजारांच्या आसपास. संघटनांनी मागितले होते २३,०००.