एका समासाचा विग्रह

आमच्या घरातला लॅपटॉप सात वर्षे इमानेइतबारे चालून गेल्या पावसाळ्यात बिजागरीपाशी मोडला. पुढचे काही महिने आम्ही त्याचा पडदा 'महाराष्ट्र शब्दकोशा'च्या खंडांना टेकवून काम भागवले. कोशकारांनी आपल्या ग्रंथाचा हा उपयोग कल्पिलाही नसेल. अखेर नवे यंत्र घ्यायचे ठरले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. महाविद्यालये दोन, विषय एक आणि यंत्रही एकच. आमच्यापैकी एकाला टंकल्याशिवाय विचार सुचत नाही, दुसरीला हातात पेन्सिल असल्याशिवाय वाचता येत नाही. त्यात सुट्टी लागली की ओव्या आणि म्हणी गोळा करत गावोगाव हिंडण्याची दोघांनाही सवय. तेव्हा घरी लॅपटॉप आणि प्रवासात टॅबलेट, असे दोन्ही एकातच देणारे यंत्र घ्यावे, असा सोपा विचार आम्ही केला. तो किती सोपा नव्हता, त्याची ही हकिकत.

'लॅपटॉप-टॅबलेट' हा जोडशब्द प्रथम ऐकताच आमच्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. हा समास कोणता? दुकानदार म्हणतो द्वंद्व, म्हणजे दोन्ही पदे सारखीच महत्त्वाची. पण द्वंद्वाचेही प्रकार आहेत. 'आईवडील' म्हणजे आई आणि वडील, हा इतरेतर द्वंद्व. 'पासनापास' म्हणजे पास किंवा नापास, हा वैकल्पिक द्वंद्व. जाहिरात आपल्याला इतरेतराचे आमिष दाखवते आणि घरी येतो तो वैकल्पिक. ज्या क्षणी ते यंत्र लॅपटॉप असते त्या क्षणी ते टॅबलेट नसते. एवढे ध्यानात आले की प्रश्न बदलतो. दोन्ही मिळतात का, हे विचारण्याऐवजी प्रधान पद कोणते, हे विचारावे लागते.

ह्या यंत्रांच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिल्या जातीत पडद्याची बिजागरी पूर्ण वर्तुळात फिरते आणि कळफलक पडद्याच्या पाठीला जाऊन चिकटतो. इथे पहिले पद प्रधान. यंत्र मुळात लॅपटॉपच असते, टॅबलेटपण त्याला प्रसंगी लाभते. (अव्ययीभावातही पहिले पद प्रधान असते, पण इथे अव्यय कुठले, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य आहे.) दुसऱ्या जातीत कळफलक सुटा होतो आणि हातात नुसती पाटी राहते. इथे दुसरे पद प्रधान, म्हणून हा तत्पुरुष. निदान आम्हांला तसे वाटले होते. पुढे एक गंमत कळली. समासाचा विग्रह केला की दोन्ही पदांना आपापला अर्थ हवा. इथे पाटीला स्वतंत्र अर्थ आहे, पण सुट्या कळफलकाला एकट्याने काहीच अर्थ नाही. म्हणजे तो पद नव्हेच, प्रत्यय आहे! ह्या जातीला समास म्हणण्यापेक्षा साधित शब्द म्हणणे अधिक योग्य.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. ॲलन के ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७२ साली 'डायनाबुक' नावाच्या यंत्राचा आराखडा मांडला होता. वहीएवढे, चार पौंडांहून कमी वजनाचे, सर्व वयांच्या मुलांसाठी. ते यंत्र त्या रूपात कधी बनले नाही, पण 'वही' हा आदर्श तिथे ठरून गेला. नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनने चालणाऱ्या संगणकांसाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्ती आणली. ती यंत्रे फारशी रुळली नाहीत. २०१० मध्ये आयपॅड आला आणि टॅबलेट घरोघरी पोचला. २०१२ मध्ये लेनोव्होचा गोल बिजागरीचा 'योगा' आणि मायक्रोसॉफ्टचा सुट्या कळफलकाचा 'सरफेस' पाठोपाठ बाजारात आले. आज दुकानात जे दिसते ते बहुतेक ह्या दोहोंच्याच गोत्रातले असते.

दुकानात आम्ही तीन वेळा गेलो. तिथल्या तरुण विक्रेत्याने यंत्र तंबूसारखे उभे करून दाखवले, उलटे पालथे करून दाखवले. "मॅडम, ह्याच्यावर सिनेमा एकदम थिएटरसारखा दिसतो," असे तो मोठ्या आस्थेने सांगत होता. आम्ही पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. त्यात एका जुन्या पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. "सिनेमा राहू दे, हे पान दाखव." तो बिचारा चक्रावला, पण आमची परीक्षा तिथेच सुरू झाली.

डेमी आकाराच्या पुस्तकाच्या पानाची उंची रुंदीच्या साधारण १.५५ पट असते, ए-फोर कागदाची १.४१ पट. बऱ्याच लॅपटॉपचा पडदा १६:९ ह्या प्रमाणात, म्हणजे १.७८ पट असतो. तो उभा धरला की पान अरुंद होते आणि वरखाली काळी पट्टी उरते. ३:२ प्रमाणाचा पडदा १.५ पट, म्हणजे पुस्तक आणि प्रबंध ह्यांच्या बरोबर मध्ये बसतो. विनामात्रा पान पूर्ण दिसले आणि समासात टिपण करायला जागा राहिली. (समास हा शब्द इथे दुसऱ्या अर्थाने, हे विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.)

वजनाचा प्रश्न हाताने सोडवावा, कागदावरच्या आकड्यांनी नव्हे. चौदा इंची गोल बिजागरीचे यंत्र दीड किलोच्या आसपास भरते. लॅपटॉप म्हणून ते हलके. पण तेच एका हातात धरून दहा मिनिटे वाचा, आणि पाठीमागे बोटांना कळा लागत राहतात ते वेगळेच. सुटी होणारी पाटी नऊशे ग्रॅमच्या आतबाहेर. तिचा दोष दुसरा. ती मागच्या टेकूवर उभी राहते आणि टेकूला सपाट जागा लागते. एसटीत मांडी ही काही सपाट जागा नव्हे. सातारा-पुणे प्रवासात खंबाटकीच्या वळणांवर तो टेकू कसा टिकणार, ह्या विचाराने आमच्यातला टंकणारा गडी पहिल्या जातीकडे झुकला होता.

पेनची परीक्षा देवनागरीनेच घ्यावी. रोमन सहीवरून काही कळत नाही. आपण आधी अक्षरे लिहितो आणि मग शब्दावर शिरोरेषा ओढतो. त्या वेळी तळहात आधी लिहिलेल्या अक्षरांवरून उलटा सरकतो. पडद्याला तळहात आणि पेन ह्यांतला फरक नीट कळत नसेल, तर नेमके त्याच क्षणी पान सरकते किंवा ओळीवर डाग पडतो. आम्ही दुकानात 'क्षत्रिय', 'ज्ञानेश्वरी' आणि 'कऱ्हाड' एवढे तीन शब्द वीस-वीस वेळा लिहिले. एक यंत्र 'कऱ्हाड'पाशीच गडबडले. पेन आणि कळफलक किमतीत धरले आहेत की वेगळे विकत घ्यायचे, हेही तिथेच विचारावे. आमचा आकडा त्या दोहोंनी बराच फुगला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ह्या सडपातळ यंत्रांत रॅम बहुधा मूळ फलकावरच डाख देऊन बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. टाइप-सी चार्जरवर चालणारे यंत्र असले की प्रवासात फोनला आणि त्याला एकच तार पुरते. आणि एआरएम जातीचा प्रोसेसर असेल, तर आपल्या जुन्या मराठी टंकलेखन प्रणाली, विशेषतः ज्यांना हार्डवेअरचे कुलूप लागते त्या, चालतील असे गृहीत धरू नये. हा शेवटचा मुद्दा आमच्यासाठी किरकोळ नव्हता.

२००३ साली एम. ए. करत असताना आमच्यापैकी एकीने वाईजवळच्या गावी आत्याकडे राहून तिच्या जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या. दोन शंभर पानी वह्या भरल्या. पुढे त्या महाविद्यालयाच्या संगणकावर, तेव्हा सर्रास चालणाऱ्या एका फाँटमध्ये टंकल्या. टंकून झाल्या म्हणून वह्यांकडे दुर्लक्ष झाले आणि एका पावसाळ्यात त्या वाळवीने खाल्ल्या. आत्या २००९ मध्ये गेली. काही वर्षांनी नव्या संगणकावर ती फाइल उघडली, तर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा!

कारण समजून घेतले ते फार उशिरा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच होती, पण त्या काळच्या आमच्या फाँटला तिचा पत्ताच नव्हता. तो फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चित्रांसारखे मांडत असे, आणि तेही डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी, रफार वर दिसतो म्हणून तो अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. आधी व्यंजन, मग वेलांटी. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने बराचसा मजकूर सोडवला, पण वेलांट्या भलत्या अक्षरांना लागल्या, रफार भरकटले आणि काही ओळी मुळीच सुटल्या नाहीत. विचारायला आत्या नव्हती. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या अफाट संचिताचा विचार केला की आमच्या हरवलेल्या ओळी म्हणजे काहीच नाही, असे मन समजावते. पण त्या आत्याच्या होत्या.

म्हणून नव्या यंत्राबद्दल आमचा पहिला प्रश्न हा होता की, इथे लिहिलेले बाहेर कसे काढायचे? पेनने लिहिलेली टिपणे बहुतेक प्रणाली आपापल्या खास स्वरूपात साठवतात. ती प्रणाली बंद पडली की पुन्हा तोच चिवडा. एका क्लिकमध्ये पीडीएफ होत नसेल, तर ती प्रणाली कितीही देखणी असो, आमच्या उपयोगाची नाही. हस्ताक्षर ओळखून त्याचा मजकूर करून देणाऱ्या सोयीवरही आम्ही फारशी भिस्त ठेवली नाही. बोलीतल्या शब्दाला ती हमखास प्रमाण शब्दाचा अंगरखा घालते.

दुसरा प्रश्न एका आजींनी शिकवला. काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका घरी आम्ही लॅपटॉप उघडून बसलो होतो. आजी दोन ओव्या म्हणून थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या झाकणामागं काय करताय? वही असती म्हंजी कळतं तरी, लिवताय का न्हाई." आम्ही खजील झालो. लॅपटॉपचे झाकण ही बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये उभी राहिलेली भिंत असते. वर्गात विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे आपल्याला कळते, स्वतःच्या बाबतीत कळत नाही. वही आडवी असते. लिहिणाऱ्याचा हात समोरच्याला दिसतो, आणि आपले बोलणे कागदावर उतरते आहे हेही दिसते.

त्या एका वाक्याने आमचा निकाल लागला. आम्ही सुट्या कळफलकाची, ३:२ पडद्याची पाटी घेतली. एसटीतल्या मांडीचा प्रश्न विद्यार्थ्यांनीच सोडवला. परीक्षेला ते जे पुठ्ठ्याचे पॅड आणतात, त्यातले एक आम्ही मांडीवर आडवे ठेवतो आणि त्यावर टेकू टेकवतो. खंबाटकीतही तो टिकतो. टंकणाऱ्याची थोडी कुरकुर अजून आहे, कारण हा कळफलक जोरात टंकले की किंचित दबतो. संसारात एवढे चालायचेच.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा माणात गेलो. पाटी चटईवर आडवी ठेवली. आजी पुढे वाकून पेनकडे बघत होत्या. मध्येच एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी आम्हांला थांबवले, तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला, आणि आम्ही तो त्यांच्यासमोर सुधारला. झाकण असते तर तो चुकीचाच राहिला असता. निघताना त्यांनी विचारले, "पाटीवरचं पुसून जातंया. ह्ये न्हाई ना जायाचं?"

नाही जाणार, असे चटकन म्हणणे आम्हांला जमले नाही. त्या रात्री मुक्कामी पोचल्यावर सगळ्या ओव्या युनिकोडमध्ये टंकल्या, हस्तलिखिताची पीडीएफ केली आणि दोन्हींच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. पुढच्या फेरीला मोठ्या अक्षरांत छापून, शिवून घेतलेली एक वही त्यांच्या घरी देऊन आलो. नातवाने त्यातली एक ओवी अडखळत वाचली. आजींनी ती वही हळदीकुंकवाचे बोट लावून देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवली. वाळवी लागू नये म्हणून जवळ कडुलिंबाचा पालाही ठेवला.