जुना ब्राउझर आणि चिरोट्यांचा पाक

आमच्या घरात जुन्या वस्तूंना मरण नाही. सौ.च्या माहेरचा तांब्याचा बंब माळ्यावर आहे, माझी सायकल जिन्याखाली आहे आणि 2010 च्या दिवाळीत घेतलेला संगणक बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी आहे. या तिघांत निदान संगणक तरी चालतो, असे मी म्हणतो. "चालत नाही, घरघरतो," असे सौ. म्हणते. बटण दाबून मी दाढी करून येतो, तोवर तो जागा होतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. त्या निमित्ताने दाढी तरी रोज होते.

तो मोडीत न काढण्याचे कारण मात्र चिक्कूपणाचे नाही. माझी आई शेवटची तीन वर्षे आमच्याकडे होती. दुपारच्या चहानंतर ती आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायची आणि सौ. त्या संगणकावर उतरवून घ्यायची. सासू सांगते आहे, सून लिहिते आहे, आणि मध्येच "हे नको गं लिहूस" हेही लिहिले जाते आहे! अशी दोनशेवर पाने झाली. आई 2014 साली गेली. ती पाने जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या मराठी टंकात आहेत. दुसऱ्या संगणकावर उघडली, तर आईच्या बोलण्याऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसते. तो टंक आमच्या या एकाच यंत्रावर आहे. तेव्हा यंत्र राहिलेच पाहिजे.

आणि यंत्र आहेच, तर त्यावर वर्तमानपत्र का वाचू नये? मुदत ठेवीचे व्याज का पाहू नये? माणसाच्या मनात असले व्यवहारी विचार येतात आणि तेथेच घोटाळा होतो.

आमच्या संगणकात विंडोज 7. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 रोजी त्याची देखभाल थांबवली. तशी सूचना पडद्यावर आली होती. मी तिला पुन्हा येऊ नकोस असे बजावून मोकळा झालो. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये क्रोम ब्राउझरची 110 वी आवृत्ती निघाली, ती विंडोज 7 वर चालेना. आम्ही 109 वरच राहिलो. गाडी बंद झाली, तरी थांब्यावर छत्री घेऊन उभे राहणारे गृहस्थ असतात, त्यांतला मी.

त्याच वर्षीच्या दिवाळीत सौ.ने चिरोटे करायला घेतले. पाक एकतारी की दोनतारी, यावर शेजारच्या काकूंशी तिचा मतभेद झाला आणि निवाडा माझ्याकडे आला. मी ब्राउझर उघडून पाककृती शोधू लागलो. तिसऱ्याच पानावर मोठी चौकट आली: "तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. येथे दाबून अद्ययावत करा."

आता सांगा, यात खोटे काय होते? ब्राउझर जुनाच होता! माझा पुतण्या वर्षभर माझ्या मागे हेच टुमणे लावून होता. मी आज्ञाधारकपणे दाबले. एक फाइल उतरली. ती चालवू का, असे संगणकाने विचारले. मी 'होय'वर बाण नेला, इतक्यात आतून हाक आली, "अहो, धावा! पाक चढतोय!"

मी धावलो. परत आलो तेव्हा फराळाला आलेला पुतण्या पडद्यापुढे उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"काका, हे दाबलंत?"

"अजून नाही."

तो मटकन खुर्चीवर बसला. "अहो, ब्राउझर स्वतःची नवी आवृत्ती स्वतःच्या मेनूतून आणतो. कोणत्याही पानावरून ती घ्यायची नाही. ही असली फाइल चालली असती, तर आजीच्या सगळ्या पानांना कुलूप घालून खंडणी मागणारेही पुढे आले असते."

सौ. झारा हातात घेऊन दारात उभी होती. तिने झारा खाली ठेवला आणि काही न बोलता आत गेली. त्या दिवशीचे चिरोटे कसे झाले होते, ते मला आठवत नाही.

रात्री पुतण्याने मला शिकवणी दिली. मी समजत होतो, जुना ब्राउझर म्हणजे जुने दार; खिळखिळे असेल, पण चोराला ते मुद्दाम का आठवावे? तो म्हणाला, उलट आहे. नव्या आवृत्तीत एखादे भोक बुजवले की कोठे भोक होते हे जाणकारांना त्या दुरुस्तीवरूनच कळते. ज्याच्याकडे दुरुस्ती पोचत नाही, त्याच्या भोकाचा पत्ता गावभर झालेला असतो. शिवाय ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला आपली आवृत्ती आणि खालची विंडोज आपण होऊन सांगतो. दार ठोठावताच आजोबांनी आतून ओरडावे, "मी एकटाच आहे, ऐकूही कमी येतं!" तसाच हा प्रकार.

"आणि व्हायरसविरोधी प्रोग्रॅम आहे ना?" मी म्हणालो.

"तो आलेल्याला ओळखला तर पकडेल. भोक बुजवणार नाही."

मग त्याने दोन दिवस खपून बंदोबस्त केला. बँक आणि टपाल या यंत्रावरून कायमचे हद्दपार. ते नियमित दुरुस्ती मिळणाऱ्या मोबाइलवर गेले. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड त्याने पुसले आणि मोबाइलवरून बदलायला लावले. 2020 च्या अखेरीस बंद पडलेला फ्लॅश अजून आमच्याकडे नांदत होता, तो काढला. रोजच्या वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते केले. त्यामुळे आता काहीही बसवायचे तर पासवर्ड लागतो आणि तो सौ.कडे आहे. (मला हे थोडे लागले.) क्रोमच्या जागी फायरफॉक्सची 115 वी, दीर्घ मुदतीची आवृत्ती आली; मोझिलाने ती विंडोज 7 वाल्यांसाठी सांभाळून ठेवली होती. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी जातीच्या चित्रांतले एक भोक सापडले होते. मुद्दाम बिघडवलेले चित्र नुसते पडद्यावर आले तरी धोका! त्याचे ठिगळ या जुन्या शाखेलाही तातडीने मिळाले होते. जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिनही त्याने जोडले, कारण नको ते पाहुणे पुष्कळदा जाहिरातींच्या वाटेने येतात. आईच्या पानांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर गेली. ती डिस्क संगणकाला जोडून ठेवायची नाही, कपाटात ठेवायची, असा दंडक घातला. कोठेही वाचता यावी म्हणून पीडीएफ प्रतही केली.

"मग आता यंत्र काढायला हरकत नाही," मी म्हणालो.

"काढायचं नाही," सौ. म्हणाली. "पीडीएफमध्ये मला लिहिता येत नाही. सासूबाईंचं काही काही माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलंय, ते नीट करायचंय."

ते नीट करणे अजून चालू आहे. आई सांगताना सौ. कोठे घाईत होती, कोठे रुसलेली होती, हे तिला ओळीवरून कळते म्हणे.

फायरफॉक्सच्या त्या आवृत्तीची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपायची होती. ती वाढली, मग पुन्हा वाढली. मी प्रत्येक वेळी समाधानाने मान डोलवायचो. पुतण्या म्हणायचा, "काका, कुलूप नवं आहे, पण चौकट वाळवीने खाल्लेली आहे. खालच्या विंडोजला कोण ठिगळ लावणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी गणपतींचे विसर्जन झाल्यावर एका सकाळी मीच संगणकामागची निळी वायर उपसून काढली. मी सवयीने वर्तमानपत्र उघडले, तेव्हा ब्राउझरने संपर्क नसल्याचे कळवले. मी म्हटले, ठाऊक आहे, बैस स्वस्थ.

आता दुपारी चहानंतर तेथे सौ. बसते. वायर चांगली पंधरा फूट लांबीची होती. टाकवेना म्हणून खिळ्याला लावून ठेवली होती. परवा पाहतो तो सौ.ने तिने गॅलरीतला आकाशकंदील टांगला आहे.