बल्लवाचा वेश

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ शिकवायला घेतले की वर्गाला उत्तर आधीच पाठ असते : कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारत, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. विद्यार्थ्यांचा दोष नाही. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या आणि १९१० साली सरकारने बंदी घातलेल्या या नाटकाची किल्ली व्हॅलेंटाइन चिरोलने ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये तेव्हाच इंग्रज वाचकांच्या हाती दिली होती, आम्ही मास्तर मंडळी अजून तीच फिरवतो आहोत.

मला मात्र अलीकडे त्यातल्या रूपकापेक्षा वेशांतर अधिक अस्वस्थ करते. ‘हंटरवाली’मधली (१९३५) नादिया मुखवटा चढवते आणि मोकळी होते, राजकन्येला जे करता येत नाही ते मुखवट्याला करता येते. झोरोचेही तेच. भीमाचे नेमके उलटे. बल्लवाचा वेश हे त्याचे बळ नव्हे, बंधन आहे. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. म्हणून महाभारतात भर सभेत द्रौपदीला लाथ बसते आणि तो दात-ओठ खात गप्प राहतो. कंकाच्या वेशातला धर्मराज तर तिलाच सुनावतो, नटीसारखी रडतेस म्हणून.

आमच्या जिल्ह्याने बिनमुखवट्याचे बंडही पाहिले आहे. वणीचे लोकनायक बापूजी अणे १९३०च्या जुलैत पुसदकडच्या राखीव जंगलात गवत कापायला निघाले ते सांगूनसवरून, दिवसाढवळ्या. नाटककाराला असा नायक बहुधा अडचणीचा वाटावा. स्वतःच्या नावाने कायदा मोडून तुरुंगात जाणाऱ्याला रात्रीची नर्तनशाळा लागत नाही.

आणि मी? पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होतो, अज्ञातवासच म्हणा. एक विद्यार्थिनी एका वरिष्ठ सहकाऱ्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आली. मी म्हणालो, “परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू. सध्या कुठे बोलू नकोस.” समजूतदारपणाने म्हणालो, असेच तेव्हा वाटले होते. ती परीक्षेला बसलीच नाही. पुढे मला कायम नेमणूक मिळाली.

यंदा वर्गात एका मुलीने विचारले, “सर, कीचक मेला ते ठीक. पण कंकाला नंतर कुणी जाब विचारला का?”

मी तिला विराटपर्वातला पुढचा प्रसंग सांगितला. द्यूत खेळताना संतापलेल्या विराटाने फासा फेकून कंकाचे नाक फोडले, तेव्हा त्याचे रक्त जमिनीवर सांडू नये म्हणून पात्र घेऊन धावली ती सैरंध्रीच.

मुलगी म्हणाली, “हे उत्तर नाही झालं, सर.”

मी हजेरी घ्यायला लागलो.