तिसरा रकाना

नकाशावर पट्टी ठेवून दोन गावांमधले अंतर मोजण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. कुणी तिकिटे जमवतो, कुणी गुलाबाची कलमे करतो. माझा छंद बिनखर्ची. अलीकडे मी विमानतळांमधली अंतरे मोजू लागलो आहे. यवतमाळ ते नागपूर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास भरते. ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या विमानाला हे पंधरा मिनिटांचे काम! चढण्या-उतरण्याचा वेळ धरला, तरी अर्ध्या तासात आटोपावे. तेवढ्यात आमच्या स्टाफरूममध्ये मागवलेला चहासुद्धा येत नाही.

गंमत एवढीच, की हे उड्डाण फक्त माझ्या वहीत होते. यवतमाळला विमानतळ आहे, धावपट्टी आहे. नियमित प्रवासी विमान तेवढे नाही.

तसे विदर्भाला विमानाचे अप्रूप नाही. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत माघारी जात. आमच्या यवतमाळच्या वाट्याला आली ती अरुंद रुळांवरची शकुंतला. मूर्तिजापूरपर्यंतचे 113 किलोमीटर ती अशा बेताने चाले, की घाईच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊच नये. आता तीही धावत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईला एका रात्री दवाखान्यात न्यावे लागले. धाकटा भाऊ मुंबईला. तो पहाटेच्या विमानाने निघाला. मुंबई ते नागपूर, आकाशातले सातशे किलोमीटर, दीड तासात संपले. नागपूर ते यवतमाळ हे रस्त्याचे दीडशे किलोमीटर मात्र तीन तास संपेनात. आई डोळे मिटून पडली होती. मधूनच विचारी, "कुठवर आला रे?" मी म्हणे, "वर्धा मागं टाकलं." पुन्हा थोड्या वेळाने, "आता?" "कळंब सोडलं, आई." सलाईनच्या बाटलीतला एकेक थेंब त्या दिवशी मला किलोमीटरच्या दगडासारखा वाटत होता.

भाऊ आला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि क्षीण आवाजात विचारले, "विमानानं आलास ना? मग एवढा उशीर का?"

एम.ए.ला शिकवणाऱ्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आई त्या दुखण्यातून उठली. मी मात्र वहीत नवा रकाना आखला. पहिल्यात अंतर, दुसऱ्यात उड्डाणाचा वेळ, आणि तिसऱ्यात दारापासून दारापर्यंतचा वेळ.

16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले, तेव्हा तिसऱ्या रकान्यातला आकडा तासाभराने उतरला. पण विमान सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस होते. म्हणजे दुखण्यानेही वार पाहून यायचे!

आईला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तास वाचतो ना? मग त्याला म्हणावं, एकदा मी बरी असतानाही ये."

तो निरोप मी त्याच दिवशी मुंबईला धाडला. त्याला पोहोचायला मुळीच वेळ लागला नाही.