दगडूचे घर

स्मरणिकेसाठी लेख मागवणारे पत्र आले, तेव्हा वसतिगृहातील एखादी आठवण लिहावी, असे प्रथम मनात आले. परंतु सायंवंदनेच्या वेळी आपण जे मेत्त सुत्त म्हणत असू, त्यातील मैत्री व्यवहारात उतरवणे किती अवघड असते, हे मला गेल्या वर्षी एका कासवामुळे नव्याने कळले. म्हणून लिहितो आहे ते त्या कासवाविषयी.

नांदेडला राहणाऱ्या माझ्या आत्याने ते १४ वर्षे सांभाळले होते. आतोबांनी ते एका जत्रेतून आणले होते. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या उमटलेले ते कासव तासन्‌तास अंगणात निश्चल बसे, म्हणून त्याचे नाव पडले ‘दगडू’. आतोबा गेले, लेकी सासरी गेल्या, आत्या आणि दगडू मागे राहिले. पुढे तिचे गुडघे थकले आणि मुलाने तिला ठाण्याला नेण्याचे ठरवले. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ना अंगण, ना ऊन. आत्याने मला फोन केला तो एवढेच विचारण्यासाठी : “माझं जाऊ दे, ह्याचं काय करू?”

सल्ल्यांना तोटा नव्हता. विहारातील एका उपासकाने सुचवले की, बुद्धपौर्णिमेला त्याला गोदावरीत सोडावे; जीवदानाचे पुण्य लाभेल. सल्ला प्रेमाचा होता, पण त्याने दगडूचा जीव गेला असता. मराठीत आपण पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या, दोन्ही प्राण्यांना ‘कासव’च म्हणतो. दगडू होता स्टार कासव. त्याचे पाय खांबासारखे, बोटांमध्ये पडदे नसलेले. कोरड्या गवताळ, काटेरी झुडपांच्या प्रदेशात चालण्यासाठी ते घडलेले असतात. वाहत्या खोल पाण्यात असे कासव पोहत नाही, बुडते.

दुसरा प्रस्ताव एका परिचितांचा होता. घरात उत्तरेला कासव असले की धन येते, असे त्यांना कोणी सांगितले होते. आत्या त्यांना म्हणाली, “चौदा वर्षं माझ्या घरात होतं. धन आलं असतं तर छपराचे पत्रे नसते का बदलले?” बावीस प्रतिज्ञा तिने कधी नुसत्या म्हणण्यासाठी म्हटल्या नव्हत्या. तिसऱ्या गृहस्थांनी तर सरळ किंमतच विचारली. त्यांना तिने चहाही विचारला नाही.

मी चौकशीला लागलो, तेव्हा खरी अडचण समोर आली. स्टार कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. ते पाळणे, विकणे, कोणाला भेट देणे हे सारे बेकायदा आहे. या कासवांची चोरटी निर्यात एवढी मोठी आहे की, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारात त्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत घालावे लागले. म्हणजे दगडूसाठी ‘चांगले घर’ शोधण्याचा अधिकारच आम्हांला नव्हता. मार्ग एकच होता : त्याला वनविभागाच्या स्वाधीन करणे.

हे ऐकून आत्या घाबरली. “या वयात पोलीस घरी येणार का?” हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न बऱ्याच वेळाने आला : “मला भेटू देतील ना?” पहिल्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. दुसऱ्याचे ठाऊक होते, आणि ते सांगणे अधिक जड गेले. १९२६ या वनविभागाच्या मदत क्रमांकावर फोन मी लावला. बोलली मात्र तीच. कासव कसे आले, किती वर्षे झाली, आता का द्यायचे आहे, हे तिने काहीही न लपवता सांगितले. दोन दिवसांनी वनरक्षक आले. त्यांनी पंचनामा केला, तिचा जबाब लिहून घेतला आणि म्हणाले, “आजी, स्वतः फोन केलात, हे बरं केलंत.”

त्यांच्याबरोबर पशुवैद्यही होते. दगडूच्या पाठीवरची कवचे शंकूसारखी उंचावलेली होती. निसर्गातही या जातीच्या पाठीला थोडे उंचवटे असतात, पण एवढे नाहीत. ही लक्षणे चुकीच्या आहाराची आणि अपुऱ्या उन्हाची, असे त्यांनी सांगितले. दूधपोळी, वरणभात हे या प्राण्याचे अन्नच नव्हे. त्याला हवे गवत, पाला, फुले. आत्याचा चेहरा उतरला. स्वतःच्या ताटातला घास ती त्याला देत आली होती. पशुवैद्य हळुवारपणे म्हणाले, “तुम्ही अंगणात फिरू दिलं, म्हणून एवढा तरी टिकला.” दगडूला लगेच जंगलात सोडणार नाहीत, हेही त्यांनी समजावले. आधी उपचार, मग विलगीकरण. कारण माणसात राहिलेल्या कासवाचे रोग रानातल्या कासवांना लागू शकतात. कदाचित त्याला जन्मभर केंद्रातच राहावे लागेल. पण तिथे मोकळी माती असेल, ऊन असेल आणि त्याच्या जातीची इतर कासवे असतील.

निघताना आत्याने वनरक्षकाच्या हाती एक कागद दिला. सातवी शिकलेल्या तिच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते : जास्वंदीचे फूल आवडते. पावसाची चाहूल लागली की फिरू लागतो. मोठ्या आवाजाला भितो. उलटा पडला तर लगेच सरळ करावा.

तो कागद वाचताना मला आपल्या विद्यालयाचे फाटक आठवले. जून महिन्यात पत्र्याची पेटी घेऊन आलेले आईवडील अधीक्षकांना असेच काही सांगत असत : रात्री दचकतो, वांगे खात नाही, पायाला जखम आहे. आपले लेकरू दुसऱ्याच्या हाती देताना त्यांनाही ठाऊक होते की, त्याला जे हवे आहे ते आपल्या झोपडीत नाही. त्यांनी आपल्याला टाकले नव्हते. आपल्या मायेपेक्षा आपले हित त्यांनी मोठे मानले होते. मैत्रीचा हा अर्थ ज्यांनी आपल्याला शिकवला, त्यांपैकी अनेकांना सुत्त पाठही नव्हते.

आज ज्यांच्या घरी असे कासव असेल, त्यांना माझी विनंती आहे : त्याला नदीत सोडू नका, कोणाला देऊ नका आणि लपवूही नका. बाजारात मिळणारे, कानामागे लाल पट्टा असलेले छोटे हिरवे कासव तर मूळचे अमेरिकेतील आहे. ते आपल्या तळ्यात सोडले, तर इथल्या कासवांच्या अन्नावर आणि जागेवर अतिक्रमण करते. सोडण्यापूर्वी जाणत्या माणसाला विचारा.

आत्या आता ठाण्याला असते. बाल्कनीतल्या कुंडीत तिने जास्वंद लावली आहे. फुले कोणाला देतेस, असे नातीने विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अजून कुणाला नाही.”