हललेला काटा

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे, म्हणजे आम्हा निपाणीकरांना शेजारच्या गल्लीतले. माझी चूक या शेजारपणातूनच झाली.

चूक होती अंतराळयानाबाबतची. रॉकेटला पुढं जायचं तर मागं काहीतरी फेकावंच लागतं. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 सेकंदाला 17 किलोमीटर धावतंय, तरी जवळच्या ताऱ्याइतकं अंतर कापायला त्याला सत्तर हजारांवर वर्षं लागतील. कॅलिफोर्नियातले संशोधक जेम्स वुडवर्ड म्हणत, काही न फेकताही ढकलता येईल. त्यांचा आधार भौतिकशास्त्रज्ञ माख. माख यांचा विचार असा, की वस्तूचं जडत्व विश्वातल्या बाकीच्या पदार्थामुळं येतं. मग सिरॅमिकच्या चकत्या विजेनं थरथरवायच्या, म्हणजे त्यांचं वस्तुमान किंचित कमीजास्त होईल. जड असताना ढकला, हलक्या झाल्या की ओढून घ्या! त्यांच्या सहकारी हायडी फर्न यांनी गणितासाठी आधार घेतला तो 1964 च्या हॉईल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धान्ताचा. 2017 मध्ये नासानंही अभ्यासाला पैसे दिले.

मला एवढं पुरलं. बेळगावच्या एका शाळेत मी छातीठोकपणे सांगून आलो, की ताऱ्यांकडं जाणारं यान आपल्या माणसाच्या गणितावर चालणार. एका मुलीनं विचारलं, "सर, जोर मोजलाय का कुणी?" मी हसून विषय बदलला.

मोजत होते ते जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे शास्त्रज्ञ मार्टिन ताजमार. सुरुवातीचा दावा मिलिग्रॅमभर वजनाहूनही कमी जोराचा. 2021 च्या सुमारास त्यांच्या गटानं सांगितलं, की तो जोर नव्हताच, थरथरीनं तराजूच फसत होता. आधी मला त्या जर्मनांचाच राग आला. मग आमचे आण्णा आठवले. वखारीत तंबाखू तोलताना वाऱ्यानं काटा हलला की पोतं उतरवून पुन्हा चढवायचे. व्यापारी कुरकुरला तर म्हणायचे, "काटा हालला म्हंजे माल आला न्हवं."

यंत्र फसलं म्हणून नारळीकरांचा सिद्धान्त बुडत नाही. त्यांनी असं यान चालेल असं म्हटल्याचं मी कुठं वाचलंही नव्हतं, ते ओझं मीच त्यांच्या नावावर चढवलं. ते तर 2008 च्या सुमारास ज्योतिष्यांपुढं पत्रिका ठेवून बरोबर किती, चूक किती मोजत बसलेले गृहस्थ!

ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिचं उत्तर राहिलंय. मोजलं गं. काही निघालं नाही.